आधीच भरलेला फॉर्म

कचेरीतील अर्जावर ‘जिल्हा : ठाणे’ असे आधीच छापलेले असते. ती सोय झाली. पण त्याच अर्जावर ‘तालुका : अंबरनाथ’ असेही छापले, तर अंबरनाथ-बदलापूरकरांचे भागते आणि उल्हासनगरकर, ज्यांचा तालुका निराळा, ते खोडाखोड करीत बसतात. संगणकावरील सभासद-नोंदणीचेही असेच आहे.

एका वाचनालयासाठी मी असा फॉर्म ‘जँगो’ नावाच्या चौकटीत तयार केला. (कॅन्सासमधील लॉरेन्स गावच्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत ही चौकट जन्मली आणि २००५ साली सर्वांना खुली झाली. बातमीदारांच्या घाईतून निघालेली वस्तू म्हणून मला तिचे कौतुक.) जुन्या सभासदांना दुवा पाठवावयाचा, त्यावरून त्यांचे नाव व फोन आपोआप भरून यावयाचा, अशी योजना होती. पहिल्याच दिवशी, कोणी अक्षरही लिहिण्यापूर्वी, फॉर्मवर तांबडी ताकीद : ‘परवलीचा शब्द आवश्यक.’ कारण साधे निघाले. जँगोला मजकूर देण्याच्या दोन वाटा आहेत. ‘इनिशियल’ म्हणजे आपण सुचविलेला, आणि ‘डेटा’ म्हणजे माणसाने भरून दिलेला. नाव न घेता मजकूर पहिल्या जागी ठेवला की तो ‘डेटा’ ठरतो. मग अर्ज दाखल झाला असे समजून फॉर्म तपासणीस लागतो. ‘इनिशियल’ असे स्पष्ट लिहिताच ताकीद गेली.

दुसरे दुखणे मात्र गंभीर होते. उल्हासनगरच्या एका बाईंचा फोन आला, “अहो, माझ्या फॉर्मवर दुसऱ्याच कोणाचे नाव आणि नंबर कसा?” त्या नवीन सभासद, त्यांना दुवा पाठविलेलाच नव्हता. प्रथम संशय ब्राउझरवर जातो, कारण तोही पूर्वी लिहिलेले आठवून रकाने भरतो. परवलीचा शब्द आपोआप उमटला तर ते बहुधा त्याचेच काम. पण ब्राउझरने भरलेला मजकूर पानाच्या मूळ प्रतीत दिसत नाही. मी प्रत उघडली, तर नाव तेथे होते! म्हणजे चूक आमच्या घरची. सुचविलेल्या मजकुराची वही मी क्लासच्या माथ्यावर ठेवून तिच्यातच नावे लिहीत होतो. कार्यक्रम चालू असेपर्यंत ती एकच वही सर्वांना पुरते; धर्मशाळेच्या फळ्यावर मागच्या उतारूचे नाव राहावे तसे. मी घरी एकटाच तपासत होतो, मला नेहमी माझेच नाव दिसे!

उपाय असा की ‘गेट इनिशियल’ या कृतीत दर भेटीला कोरी प्रत काढून तिच्यातच लिहावे. तपासताना दोन फोन घ्यावेत : एकावर दुवा उघडावा, लगेच दुसऱ्यावर दुव्याशिवाय.

ज्यांचा नंबर उघडा पडला त्या अंबरनाथच्या गृहस्थांना मी फोन करून सारे सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, “आणखी कोणी पाहिला?” पान किती वेळा उघडले गेले एवढेच आमच्या नोंदीत होते, कोणाला काय दिसले, ते नव्हते.