भेट आणि भाव

परवा वर्गात 'मृच्छकटिक' शिकवीत होतो. राजाचा मेहुणा शकार वसंतसेनेला आणण्यासाठी गाडी धाडतो, सोबत दहा हजार मोहरांचे दागिने पाठवतो. आणि ती गणिका असूनही नकार देते. दरिद्री चारुदत्ताकडे मात्र आपणहून जाते. एवढे सांगून होते तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, हॉटेलात बिल नेहमी मुलानेच द्यायचे असते. मग तो प्रेम करतो, की विकत घेतो?" वर्गात हशा पिकला. मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पण तो प्रश्न माझ्या पाठोपाठ घरी आला.

आपल्याला वाटते, हे प्रश्न आजकालच्या पोरांचे. पण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्समध्येही तो होता. तेथे थिओडोटी नावाची एक रूपवती राहत असे. तिचे सजलेले घर आणि नटलेल्या दासी पाहून सॉक्रेटिसाने विचारले, "बाई, तुझी शेती आहे का? भाड्याचे घर? की कामाला कारागीर?" यांतले काहीच नव्हते. कोणी मित्र झाला आणि त्याने माझे भले करायचे मनात आणले, तर तोच माझा चरितार्थ, अशा अर्थाचे तिचे उत्तर झेनोफनने नोंदवून ठेवले आहे. सॉक्रेटिसाने तिला नीतिपाठ दिला नाही. शेळ्यामेंढ्यांच्या कळपापेक्षा मित्रांचा कळप केव्हाही बरा, असे म्हणून ते मित्र टिकवावेत कसे, हेच तो तिला सांगत बसला. ग्रीकांच्या भाषेत रस्त्यावरच्या बाईला एक शब्द होता आणि अशा 'सखी'ला दुसरा. पहिलीला दाम मिळे, दुसरीला भेट. फरक नाजूक होता, पण समाज तो कसोशीने पाळी.

न्यू गिनीच्या पूर्वेला असलेल्या ट्रोब्रिआंड बेटांवर तर लपवाछपवीही नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्स्की हा मानववंशशास्त्रज्ञ तेथे जाऊन राहिला. प्रियकराने प्रेयसीला सुपारी, तंबाखू, कासवाच्या पाठीची अंगठी, असे काहीतरी दिलेच पाहिजे, असा तिथला रिवाज. ओढ दोघांनाही असते, मग द्यायचे पुरुषानेच का, हे कोडे मालिनोव्स्कीला पडले; बेटावरच्या लोकांना पडले नव्हते. नवरा बायकोला वेळोवेळी जे देतो, ती निव्वळ भेट, असे त्याने १९२२ मध्ये लिहिले. १९२५ मध्ये मार्सेल मोस या फ्रेंच विद्वानाने त्याला हटकले, की ही भेट कसली, हा तर सहवासाचा मोबदला! पुढच्याच वर्षी मालिनोव्स्कीने आपली चूक कबूल केली. प्रेमात भेट कुठे संपते आणि मोबदला कुठे सुरू होतो, हे पंडितांनाही एका दमात सांगता आले नाही.

आता बेटावरून शहरात येऊ. १९०० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कारखान्यांत आणि दुकानांत हजारो मुली काम करीत. मजुरी पुरुषांहून कमी, आणि तीही पुष्कळदा जशीच्या तशी आईच्या हातात द्यायची. मग नाचघराचे किंवा कोनी आयलंडच्या जत्रेचे पैसे कुठून येणार? ते बरोबरचा तरुण देई, आणि त्याच्या मोबदल्यात किती सलगी करू द्यायची, ते मुलगी ठरवी. काहीजणी फार पुढे जात; तरी रोख रक्कम मात्र घेत नसत. तिकीट चाले, खाणे चाले, नोट चालत नसे. आपली अब्रू त्यांनी त्या एका नोटेवर तोलून धरली होती. त्यांना हसणे सोपे आहे. पण मजुरी बरोबरीची असती, तर ही कसरत त्यांना करावी लागली असती का?

आणि आपण? मनुस्मृती बजावते, की मुलीच्या बापाने तिच्यासाठी अल्पसेही शुल्क घेऊ नये. घेतले तर तो अपत्य विकणारा ठरतो. पण दिलेले मुलीलाच मिळाले आणि आप्तांनी त्याला हात लावला नाही, तर ती विक्री नव्हे, तो तिचा सन्मान. म्हणजे पैसा दिला की नाही हा प्रश्न नाही. तो पडला कोणाच्या हातात, हा प्रश्न आहे. १८९९ मध्ये देवलांनी 'शारदा' लिहिले, तेव्हा म्हाताऱ्या भुजंगनाथाचा पैसा कांचनभटाच्या हाती जायचा होता, आणि 'नको' म्हणण्याची मुभा शारदेला नव्हती. पुढे वारा फिरला. पैसा वधूच्या बापाकडून वराच्या घरी जाऊ लागला. १९६१ मध्ये हुंडाबंदीचा कायदा झाला, तरी 'मानपान' आणि 'हौस' हे शब्द आपल्या मदतीला राहिलेच.

माझ्या लग्नाच्या याद्या झाल्या, तेव्हाही 'मानपान' या शब्दापुढे एक आकडा होता. मी एम.ए. झालो होतो. 'शारदा'मधली पदे मला तोंडपाठ होती. मी खाली मान घालून चहा पीत राहिलो. तो आकडा भरताना सासऱ्यांना काय विकावे लागले, ते मला फार उशिरा कळले. बायकोला मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होते. तिने कधी बोलून दाखवले नाही. त्यामुळे थिओडोटीकडे किंवा न्यूयॉर्कच्या पोरींकडे नाक मुरडून पाहायचा अधिकार मला उरलेला नाही.

पुढच्या तासाला मी त्या मुलीला म्हटले, "बिल कोणी दिले, ते पाहू नकोस. ते दिल्यानंतरही तुला 'नाही' म्हणता येते का, आणि म्हटल्यावर तो हसून निरोप देतो का, ते पाहा. दिले तर ती भेट, नाहीतर भाव."

ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सर, हे मुलांनाही सांगा ना."

मी सांगितले. सांगताना या वेळी मान खाली घातली नाही.