बेरजेचा वर्ग आणि आयताचा कर्ण

शालेय बीजगणिताच्या वह्यांत एक चूक इतक्या वेळा आढळते की, केवळ निष्काळजीपणा म्हणून ती सोडून देता येत नाही. दोन राशींच्या बेरजेचा वर्ग करावयाचा असता विद्यार्थी प्रत्येक राशीचा स्वतंत्र वर्ग करतो व त्या वर्गांची बेरीज मांडून मोकळा होतो. सूत्र त्याला पाठ असते. तरीही गृहपाठ करताना ते हातून निसटते. ही चूक कशाने दूर होते, हे एका परिचित उदाहरणाच्या आधारे पाहू.

एका आयताची परिमिती ३४ सेंटिमीटर व कर्ण १३ सेंटिमीटर आहे. तर त्याच्या बाजू काढा.

मोठी बाजू 'अ' व लहान बाजू 'ब' मानू. परिमितीवरून अ + ब = १७; आणि पायथागोरसच्या सिद्धांतावरून अ-वर्ग व ब-वर्ग यांची बेरीज १६९. वरील चूक करणाऱ्या विद्यार्थ्याच्या समजुतीप्रमाणे मात्र ही बेरीज १७ च्या वर्गाइतकी, म्हणजे २८९ असावयास हवी. एकच राशी १६९ आणि २८९ कशी असेल? हा विरोध सूत्र पुन्हा पाठ करवून उलगडत नाही. त्यासाठी आकृती काढावी लागते.

१७ सेंटिमीटर बाजूचा कागदी चौरस घ्यावा. त्याच्या कडेने एकाच दिशेने जात, प्रत्येक कोपऱ्यापासून पुढे 'अ' इतक्या अंतरावर खूण करावी व लगतच्या खुणा जोडाव्यात. चार कोपऱ्यांत चार एकरूप काटकोन त्रिकोण तयार होतात. त्यांच्या काटकोन करणाऱ्या बाजू अ व ब असल्याने प्रत्येकाचा कर्ण १३. म्हणून मध्ये १३ सेंटिमीटर बाजूचा तिरपा चौरस उरतो. मोठ्या चौरसाचे क्षेत्रफळ २८९, तिरप्याचे १६९. उरलेले १२० हे चार त्रिकोणांचे. विद्यार्थी जे पद विसरतो, ते अ व ब यांच्या गुणाकाराची दुप्पट, ते हेच होय.

आता चारही त्रिकोण कर्णावर दुमडून तिरप्या चौरसावर आणावेत. मध्ये एक लहान चौरस मोकळा राहील. त्याची बाजू अ व ब यांचे अंतर, आणि क्षेत्रफळ १६९ − १२० = ४९; म्हणून अंतर ७. बेरीज १७ व अंतर ७, यांवरून बाजू १२ व ५ सेंटिमीटर. बेरीज व अंतर यांवरून दोन राशी काढण्याच्या या रीतीस भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त 'संक्रमण' असे नाव आहे. चार त्रिकोण व मधला चौरस ही रचनाही त्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात आढळते. ताळा पाहावा: १४४ + २५ = १६९.

याच आकृतीवरून आणखी एक गोष्ट कळते. परिमिती तीच ठेवून कर्ण ११ दिला, तर चार त्रिकोणांचे क्षेत्रफळ २८९ − १२१ = १६८ येते; १२१ च्या चौरसात ते मावणार नाहीत. म्हणजे असा आयतच नाही. केवळ समीकरण मांडणाऱ्यास हेच वर्गमूळाखाली −४७ आल्यावर कळते. उलट कर्ण १८ दिला, तर आतला चौरस बाहेरच्याहून मोठा होतो, तेही अशक्य. कर्ण १७ पेक्षा लहान असला पाहिजे, आणि १७ भागिले २ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १२.०२, याहून तो लहान असता कामा नये. नेमक्या या खालच्या मर्यादेवर आयताचा चौरस होतो.

यास्तव, वहीत ही चूक दिसताच तांबड्या शाईने सूत्र लिहून देण्यापेक्षा 'आकृती काढा' एवढेच लिहावे. आपण काय विसरलो, हे ज्याने स्वतःच्या हाताने कागद दुमडून पाहिले, त्याला ते सूत्र पुन्हा पाठ करावे लागत नाही.