एक आज्ञावली, अनेक भाषा

मोबाइलवर भरावयाच्या अर्जांत एक विसंगती वारंवार आढळते. अर्जाचे शीर्षक मराठीत असते, रकान्यांची नावे मराठीत असतात, परंतु माहिती भरताना काही चुकले की पडद्यावर उमटणारी सूचना मात्र इंग्रजीत येते. ज्या क्षणी अर्जदारास भाषेच्या आधाराची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच क्षणी त्याची भाषा त्याला सोडून जाते. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठी ही राज्याची राजभाषा झाली. कागदावरचा कारभार मराठीत आणण्यासाठी त्यानंतर पुष्कळ परिश्रम झाले. आता तोच कारभार पडद्यावर येत असताना ही अर्धीमुर्धी मराठी का दिसते, हे समजण्यासाठी आज्ञावल्या कशा तयार होतात याकडे थोडे पाहावयास हवे.

आज्ञावली लिहिणे, तपासणे आणि चालवून पाहणे ही सर्व कामे आज्ञावलीकार एकाच साधनात करतो. अशा साधनास विकसन-परिसर म्हणता येईल. मोबाइलच्या अँड्रॉइड प्रणालीसाठी 'अँड्रॉइड स्टुडिओ' आणि ॲपल कंपनीच्या उपकरणांसाठी 'एक्सकोड' हे असे दोन प्रमुख परिसर आहेत. एकच आज्ञावली अनेक भाषांत बोलू शकावी, यासाठी गेल्या काही वर्षांत या परिसरांत बऱ्याच सोयी वाढल्या आहेत.

मजकूर वेगळा, कृती वेगळी

पूर्वी आज्ञावलीतील वाक्ये तिच्या संहितेतच गुंफलेली असत. बेरीज करण्याची आज्ञा आणि 'बेरीज पूर्ण झाली' हे वाक्य एकाच ठिकाणी लिहिलेले असे. भाषांतर करावयाचे तर मूळ आज्ञावलीलाच हात लावावा लागे, आणि प्रत्येक भाषेसाठी तिची निराळी प्रत सांभाळावी लागे. एका प्रतीतील दोष सुधारला तरी दुसऱ्या प्रतीत तो तसाच राही.

यावर उपाय निघाला तो मजकूर आणि कृती यांची फारकत करण्याचा. आज्ञावलीत वाक्याऐवजी त्याची केवळ खूण ठेवावयाची आणि वाक्ये वेगळ्या फाइलीत लिहावयाची. १९९० नंतरच्या दशकात 'गेटटेक्स्ट' या साधनाने ही पद्धत रूढ केली. त्याची मुक्त वापराची ग्नू आवृत्ती १९९५ मध्ये आली. आजचे विकसन-परिसर याच तत्त्वावर चालतात.

अर्थात मजकूर वेगळा ठेवला तरी तो संगणकास वाचता आला पाहिजे. एके काळी देवनागरी टंक इंग्रजी अक्षरांच्या जागी बसविलेले असत. तोच टंक दुसऱ्या संगणकावर नसला, की संपूर्ण परिपत्रकाच्या जागी निरर्थक चिन्हांची गर्दी दिसे. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे संकेतमानक भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जगातील सर्व लिप्यांना एका कोष्टकात स्थान देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली. देवनागरीचा मुख्य विभाग तीत १२८ जागांचा आहे. हा पाया पक्का झाल्यावरच मराठी मजकुराची फाइल मुंबईत लिहून अमेरिकेतील संगणकावर जशीच्या तशी उघडणे शक्य झाले.

इंग्रजी सूचना कोठून येते

अँड्रॉइड स्टुडिओमध्ये मूळ मजकुराचे एक फोल्डर असते. त्याच्या शेजारी प्रत्येक भाषेचे स्वतंत्र फोल्डर करता येते. मराठीच्या फोल्डरला भाषेचा आंतरराष्ट्रीय संकेत 'एमआर' जोडलेला असतो. फोनची भाषा मराठी असेल तर प्रणाली आधी मराठीच्या फोल्डरात वाक्य शोधते. तेथे ते सापडले नाही, तर ती तक्रार न करता मूळ फोल्डरातील वाक्य उचलते, आणि ते बहुधा इंग्रजी असते. अर्जातील ती इंग्रजी सूचना अशी येते. आज्ञावली बिघडलेली नसते. कोणी तरी ते एक वाक्य भाषांतरित करावयाचे विसरलेले असते. शीर्षके डोळ्यांसमोर असल्याने त्यांचे भाषांतर होते. चुकीच्या सूचना क्वचितच दिसतात, म्हणून त्या मागे राहतात.

हे विस्मरण टाळण्यासाठी परिसरातच आता राखणदार ठेवले आहेत. स्टुडिओतील भाषांतर-संपादक सर्व वाक्ये तक्त्याच्या रूपात मांडतो. एका ओळीत एक खूण आणि तिच्यापुढे भाषावार स्तंभ अशी त्याची रचना असते. भाषांतर राहून गेलेल्या खुणा तो लाल रंगात दाखवितो. एखादे वाक्य संहितेतच लिहून टाकले असेल, तर त्याबद्दलही वेगळा इशारा मिळतो. ॲपलने २०२३ मध्ये एक्सकोडच्या १५ व्या आवृत्तीत 'स्ट्रिंग कॅटलॉग' ही सोय आणली. आज्ञावलीची बांधणी करताना नवी वाक्ये तीत आपोआप गोळा होतात, प्रत्येक भाषेचे किती टक्के काम झाले ते दिसते, आणि फेरतपासणी आवश्यक असलेली वाक्ये निराळी दाखविता येतात.

वापरणाऱ्याच्या बाजूनेही एक सोय झाली आहे. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून संपूर्ण फोनची भाषा न बदलता एकाच ॲपपुरती भाषा निवडता येते. त्यासाठी आपल्याजवळ कोणत्या भाषा आहेत याची यादी ॲपने प्रणालीस द्यावी लागते. २०२३ मधील 'जिराफ' या आवृत्तीपासून स्टुडिओ ही यादी स्वतःच तयार करू शकतो. फोन इंग्रजीत ठेवून शेतीचे ॲप मात्र मराठीत पाहणारे पुष्कळ आहेत; त्यांच्या दृष्टीने ही सोय लहान नाही.

रिकामी जागा आणि विभक्ती

तक्त्यातील सर्व चौकटी भरल्या, लाल रंग नाहीसा झाला, म्हणजे काम संपले असे मात्र नाही. खरी अडचण येथून पुढे सुरू होते, आणि ती यंत्राची नसून व्याकरणाची आहे.

आज्ञावलीतील बहुतेक वाक्यांत रिकाम्या जागा असतात. वाक्य आधी लिहिलेले असते आणि गावाचे नाव, व्यक्तीचे नाव किंवा संख्या आयत्या वेळी तीत भरली जाते. इंग्रजीत शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी, सुटे येते आणि नामाचे रूप बदलत नाही. मराठीत नाम विभक्तीचा प्रत्यय घेते आणि तत्पूर्वी त्याचे सामान्यरूप होते. रिकाम्या जागेपुढे 'हून' हा प्रत्यय लिहून ठेवला, तर 'नाशिकहून' बरोबर येईल. पण पुण्याच्या ठिकाणी 'पुणेहून' आणि साताऱ्याच्या ठिकाणी 'साताराहून' असे अवतरेल. लिंगाचेही तसेच. 'हजर होता' हे शब्द ठरवून टाकले, तर निम्म्या वर्गाच्या बाबतीत ते चुकतील.

यावरचा उपाय शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. छापील सरकारी नमुन्यांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडविला आहे. त्यांतही रिकाम्या जागा होत्या आणि त्या भरणाऱ्या कारकुनास प्रत्येक गावाच्या नावाचे सामान्यरूप करण्यास सवड नव्हती. म्हणून 'मौजे अमुक येथील', 'श्री. अमुक यांस', 'अमुक यांनी अर्ज केला' अशी रचना रूढ झाली. नाम मूळ रूपात राहते. प्रत्ययाचा भार 'येथील', 'यांस', 'यांनी' हे शब्द उचलतात. 'यांनी' आल्यावर क्रियापद अर्जाप्रमाणे चालते, त्यामुळे अर्जदार स्त्री असो वा पुरुष, वाक्य बिघडत नाही. कार्यालयीन मराठी रुक्ष म्हणून तिची थट्टा होते, परंतु रिकाम्या जागेशी तिच्याइतका संसार दुसऱ्या कोणत्याही मराठीने केलेला नाही. ॲपसाठी वाक्ये लिहिणाऱ्याने जुने छापील नमुने चाळले, तर त्याचे बरेच श्रम वाचतील.

वचनाच्या बाबतीत साधनांनी चांगली तयारी केलेली आहे. भाषेगणिक वचनांची संख्या निराळी असते. जपानीचे काम एका रूपावर भागते, मराठी व इंग्रजीस दोन रूपे लागतात, तर अरबीस सहा. हे नियम युनिकोड संस्थेच्या सामायिक भाषाकोशात नोंदलेले आहेत आणि विकसन-परिसर ते तेथून घेतात. तथापि एका गोष्टीकडे लक्ष द्यावे लागते. इंग्रजीत पुष्कळदा केवळ नामाचे रूप बदलते. मराठीत 'अर्ज' हा शब्द दोन्ही वचनांत तोच राहतो आणि बदलते ते क्रियापद : '१ अर्ज आला', '५ अर्ज आले'. आज्ञावलीकाराने वचनभेदासाठी फक्त नामच भाषांतराकरिता दिले, तर भाषांतरकार काहीच करू शकत नाही. त्यास संपूर्ण वाक्य मिळाले पाहिजे. शून्यासाठी मराठीस वेगळे रूप नियमांत दिलेले नाही. 'एकही अर्ज आला नाही' असे सांगावयाचे तर ते वाक्य स्वतंत्रपणे योजावे लागते.

शब्दक्रमाचीही सोय आहे, पण ती वापरावी लागते. दहा पानांपैकी तिसरे पान उघडले असता इंग्रजीत तीन आधी येतात व दहा नंतर. मराठीत 'दहापैकी तीन' असा उलट क्रम लागतो. रिकाम्या जागांना क्रमांक दिलेले असतील, तर भाषांतरकार त्या हव्या तशा मागेपुढे नेऊ शकतो.

सुट्या शब्दांची गत वाक्यांहून वाईट होते. 'स्टेट' एवढाच शब्द पुढे आला, तर तो पत्त्यातील राज्य की अर्जाची सद्यःस्थिती? 'ऑर्डर' म्हणजे आदेश, मागणी की क्रम? 'ब्लॉक' हा विकास गट आहे की एखाद्यास अटकाव करण्याची क्रिया? मजकुराच्या फाइलीत प्रत्येक खुणेजवळ टीप लिहिण्याची सोय आहे. ती टीप लिहिण्यास अर्धे मिनिट लागते आणि बहुतेक वेळा तेवढेही दिले जात नाही.

दिसण्यात एक, नोंदीत दोन

मजकूर बरोबर असूनही नोंदी बिघडू शकतात, याची दोन उदाहरणे मराठीच्या खास ओळखीची आहेत. 'कऱ्हाड' या नावातील अर्धा र संगणकावर दोन प्रकारे उमटविता येतो. एका प्रकारात नुक्ता असलेल्या 'ऱ' ला हलन्त चिन्ह जोडले जाते. दुसऱ्यात साध्या 'र' ला हलन्त चिन्ह आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह येते. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती भिन्न आहेत. 'ॲ' या अक्षराचे तसेच आहे. युनिकोडमध्ये त्यास स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली; त्यापूर्वी 'अ' वर अर्धचंद्र देऊन ते लिहीत, आणि आजही अनेक जण तसेच लिहितात. युनिकोडच्या नेहमीच्या एकरूपीकरणानेही या जोड्या एक होत नाहीत. परिणामी यादीत असलेले नाव शोधूनही सापडत नाही. शोध घेण्यापूर्वी अशी रूपे एकच करून घेण्याची तरतूद आज्ञावलीकाराने मुद्दाम करावी लागते.

अनुक्रमाचाही प्रश्न येतो. संकेतांच्या क्रमाने यादी लावली, तर 'ळ' हा 'ल' च्या पाठोपाठ येतो. मराठी वर्णमालेत त्याचे स्थान 'ह' नंतर आहे. 'ॲ' तर देवनागरी अंकांच्याही पलीकडे जाऊन पडतो. भाषानिहाय अनुक्रम लावणारी साधने उपलब्ध आहेत, मात्र ती आवर्जून योजावी लागतात. अंकांबाबत उलट सावधगिरी हवी. भाषा मराठी ठेवली की प्रणाली संख्या देवनागरी अंकांत मांडू शकते. पडद्यावर ते योग्यच. परंतु तीच संख्या आतील हिशेबासाठी पुढे पाठविली आणि तेथील यंत्रणा आंतरराष्ट्रीय अंकांचीच अपेक्षा करीत असली, तर नोंद नाकारली जाते.

लांबी मोजतानाही फसगत होते. 'ग्रामपंचायत' हा शब्द वाचणाऱ्यास सहा अक्षरांचा वाटतो. युनिकोडमध्ये तो ११ संकेतांचा होतो. मोबाइलच्या एका लघुसंदेशात इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, देवनागरीचे मात्र ७० संकेतच. ग्रामसभेच्या सूचनेचा मसुदा करताना हा हिशेब लक्षात ठेवला नाही, तर एका संदेशाचे दोन-तीन तुकडे होतात आणि खर्च त्या प्रमाणात वाढतो.

मराठी येत नसलेल्या आज्ञावलीकारासही यातील काही दोष आधी पकडता यावेत, म्हणून अँड्रॉइडच्या चाचणीसाठी एक कृत्रिम भाषा ठेवलेली आहे. ती निवडली की मूळ इंग्रजी वाक्ये चिन्हांकित अक्षरांत, लांबवून दाखविली जातात. जे वाक्य साधेच राहिले ते फाइलीत आलेले नाही, आणि जे बटणाबाहेर गेले त्यास जागा कमी आहे, हे तत्काळ कळते. वरच्या आणि खालच्या मात्रा कापल्या जातात की नाही, हे मात्र प्रत्यक्ष मराठी मजकूर चढवूनच पाहावे लागते.

एखादे कार्यालय बाहेरून आज्ञावली करून घेत असेल, तर करारातच मराठी मजकुराची फाइल, तिच्यातील टिपांसह, ताब्यात देण्याची अट घालता येते. ही फाइल साध्या मजकुराची असते. ती तक्त्यात उतरवून शिक्षकांकडे किंवा प्रत्यक्ष टेबलावर काम करणाऱ्या लिपिकाकडे वाचावयास देता येते, आणि एखादे वाक्य बदलण्यासाठी मूळ संहितेस हात लावावा लागत नाही. सुधारलेली फाइल घालून पुन्हा बांधणी केली की पुढच्या आवृत्तीत नवे वाक्य दिसू लागते.