पितृहत्या : शापाकडून द्वेषाकडे

महाभारताच्या वनपर्वातील यवक्रीत-आख्यानात परावसूच्या हातून पिता रैभ्य मारला जातो, तो अजाणता. रात्रीच्या अंधारात कृष्णाजिन पांघरलेला वृद्ध त्याला मृग वाटतो. या वधामागे भरद्वाजाचा शाप असल्याने पुत्राच्या मनाचा शोध घेण्याचे कारण उरत नाही.

बंगळूर येथे २०१९ मध्ये निवर्तलेले नाटककार गिरीश कार्नाड यांच्या ‘अग्नि मत्तु मळे’ या कन्नड नाटकात (१९९४) मात्र हाच वध बुद्धिपुरस्सर घडतो. यज्ञाचे प्रमुखपद पुत्राला लाभल्याने पिता मत्सराने जळत असतो. सात वर्षे यज्ञभूमीवर राहिलेला पुत्र घरी येतो, तेव्हा सासऱ्याने चालविलेली सुनेची विटंबना त्याच्या कानी पडते. हत्येचे कारण अशा रीतीने शापातून निघून कुटुंबात येते.

धाकट्या भावावर प्रायश्चित्ताचा भार टाकणे दोन्हीकडे समान आहे. भेद शेवटात आहे. महाकाव्यात देवांच्या वराने रैभ्य पुन्हा जिवंत होतो आणि स्वतःच्या वधाची स्मृती त्याला राहत नाही. नाटकात धाकटा भाऊ मृतांचे पुनरुज्जीवन सोडून, पित्याच्या क्रोधाने आवाहिलेल्या ब्रह्मराक्षसाची मुक्ती मागतो. मृत परतत नाहीत; अवर्षण मात्र संपते. पितापुत्रांतील वैराला विस्मृतीचा उतारा पुरेसा आहे, ही आख्यानातील श्रद्धा कार्नाडांनी स्वीकारलेली नाही.