निळ्या पेटीतला टाइपरायटर

आमच्याकडे दिवाळीची साफसफाई म्हणजे माळा रिकामा करणं. तीन वर्षांपूर्वी त्या खटाटोपात जुना होल्डॉल आणि पितळी घंगाळ यांच्यामागून एक निळी चेनची पेटी खाली आली. चेन अडली होती. तिच्यावरून मेणबत्ती घासली, तेव्हा कुठे ती सरकली. आत अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, टाइपरायटर होता. रिबन वाळून गेली होती, रोलर कडक झाला होता. पण कळ दाबताच दांडी उठली आणि ‘टक्’ असा आवाज आला. स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. ‘‘अहो, हे अजून चालतं?’’

अण्णा बार्शीला शाळामास्तर होते आणि एका इंग्रजी दैनिकाचे अर्धवेळ वार्ताहर. १९६९ साली मुंबईच्या फोर्टातल्या एका दुकानातून त्यांनी हे यंत्र जुनं म्हणून विकत घेतलं. जवळजवळ एका महिन्याचा पगार त्यात गेला आणि आईनं पुढे बरीच वर्षं त्याची आठवण दिली. दुष्काळ, बाजारभाव, नगरपालिकेच्या सभा असं सगळं त्यावर टाइप व्हायचं आणि पाकिटातून पोस्टानं जायचं. फारच तातडी असली तर तार.

यंत्र इटलीच्या ऑलिव्हेटी कंपनीचं, नाव ‘लेटेरा ३२’. हे १९६३ सालचं मॉडेल. त्याची थोरली बहीण ‘लेटेरा २२’ १९५० साली निघाली. मार्चेल्लो निझ्झोली या कलावंतानं तिचं रूप घडवलं. तिला १९५४ साली इटलीतला मानाचा ‘कंपासो दोरो’ पुरस्कार मिळाला आणि न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयातही ती जाऊन बसली. वजन पावणेचार किलोच्या आसपास. कचेरीतलं यंत्र उचलायला दोन माणसं लागावीत, तर हे बॅगेसारखं हातात धरून गाडीत चढता यावं, हीच त्याची खुबी.

लेखकांच्या हाती टाइपरायटर आला तो खरं तर या सुटसुटीतपणामुळे. अमेरिकेत १९१२ साली ‘कोरोना ३’ नावाचं घडीचं यंत्र निघालं (तेव्हा हे नाव निर्धोक होतं!). त्याचा वरचा भाग पुढे दुमडून कळांवर बसवता येई. हेमिंग्वेला १९२१ साली वाढदिवसाला असं यंत्र भेट दिलं ते त्याच्या वाग्दत्त वधूनं, हॅडलीनं. स्टाइनबेककडे ‘हर्मीस बेबी’ नावाचं चिमुकलं स्विस यंत्र होतं. आणि ‘द रोड’ कादंबरीचा लेखक कॉर्मॅक मॅकार्थी यानं १९६३ साली पन्नास डॉलरला घेतलेला लेटेरा ३२ जवळजवळ पन्नास वर्षं वापरला. त्याच्याच अंदाजानं त्यावर पन्नास लाख शब्द लिहून झाले असावेत. २००९ साली त्या यंत्राचा लिलाव झाला, तेव्हा त्याला दोन लाख चोपन्न हजार पाचशे डॉलर आले. ही सारी रक्कम एका संशोधन संस्थेला गेली. गंमत म्हणजे त्याच्या मित्रानं त्याला तसंच दुसरं यंत्र आणून दिलं, ते वीस डॉलरच्या आत!

आपल्याकडे मात्र टाइपरायटर म्हटलं की आठवतात ते कोर्टाबाहेरच्या झाडाखालचे टायपिस्ट आणि गल्लीतली टायपिंग इन्स्टिट्यूट. गोदरेजनं १९५५ साली देशी यंत्र काढलं आणि २००९ साली त्याचं उत्पादन थांबवलं. त्या पन्नासएक वर्षांत कितीतरी घरांत पहिली नोकरी या यंत्रानं आणली. पण मराठी लेखक बहुतांशी हातानंच लिहीत राहिला. देवनागरीचा पसारा चाळीसेक कळांवर बसवायचा, तर ‘भ’ किंवा ‘ण’सारखं अक्षर आधी अर्धं उमटवायचं आणि मग काना जोडून पुरं करायचं. हात बसला की हे सगळं सरावाचं होतं. पण कथा सुचत असताना कोण ही जुळवाजुळव करणार?

मी मराठीतून इंग्रजीत अनुवाद करतो, म्हणून अण्णांचं इंग्रजी यंत्र माझ्या कामाचं होतं. एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं ते खोलून रॉकेलनं धुतलं, तेल दिलं, नवी रिबन चढवली. पहिले आठ दिवस वैतागात गेले. बोटं दुखली. संगणकावर कळीला नुसता स्पर्श पुरतो, इथे दांडी उचलण्याइतकं बळ लागतं. शेजारच्या काकूंनी ‘‘रात्री काय कुटता हो?’’ असं विचारूनही झालं.

मग हळूहळू उमगू लागलं. संगणकावर मी पहिलं वाक्य दहा वेळा पुसत असे आणि दुसऱ्यापर्यंत पोचतच नसे. इथे पुसता येत नाही. चुकलं तर त्यावर ‘एक्स’ची रांग मारायची आणि पुढे जायचं. त्यामुळे बोट उचलण्याआधी वाक्य मनात घोळवावं लागतं. ओळ संपत आली की घंटी वाजते, कागद एक घर वर सरकतो आणि आपण पुढे आलो हे डोळ्यांना दिसतं.

सगळ्यात मोठा फायदा मात्र पान पुन्हा टाइप करण्यात आहे. संगणकावर आपण दुरुस्ती करतो म्हणजे ठिगळ लावतो, बाकीचं कापड तसंच राहतं. इथे खाडाखोड वाढली की सबंध पान नव्यानं टाइप करावं लागतं. प्रत्येक शब्द पुन्हा बोटांतून जातो. जो कंटाळवाणा असतो तो तिथेच अडतो. हा वेळखाऊ प्रकार आहे हे कबूल. आणि शेवटी प्रकाशकाला फाइलच लागते, म्हणून मी तेही करतो. पण पहिला खर्डा यंत्रावर.

पेटीच्या झाकणाच्या कप्प्यात एक पाकीट होतं. महिनाभर मी ते उघडलंही नव्हतं. एका संध्याकाळी उघडलं. आत टाचणीनं जोडलेले दोन कागद होते, १९७४ सालचे. त्या वर्षी अण्णांना मुंबईच्या कचेरीत पूर्णवेळ उपसंपादकाची जागा देऊ केली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी ती का नाकारली, असं कुणी विचारलं की ते हसून म्हणत, ‘‘मुंबईची गर्दी आपल्याला मानवत नाही बुवा.’’ मोठेपणी मला त्याचा थोडा रागच येई. माणसानं एवढी संधी आळसानं घालवावी?

वरचा कागद त्या उत्तराची कार्बन कॉपी होता. स्वच्छ, चार ओळींचा. घरगुती अडचणींमुळे येणं शक्य नाही, क्षमस्व. खालचा कागद कच्चा खर्डा होता. त्यात ‘घरगुती अडचणींमुळे’ या शब्दांच्या आधी दीड ओळ ‘एक्स’ मारून खोडली होती. कागद दिव्यासमोर धरला, तेव्हा जाळीआडची अक्षरं लागली. धाकट्या मुलाला दमा आहे आणि मुंबईची दमट हवा त्याला सोसणार नाही असं डॉक्टरांचं मत आहे, अशा अर्थाचं ते वाक्य होतं.

धाकटा म्हणजे मी.

हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. आईही बोलली नाही. ते जाऊन आता बारा वर्षं झाली. हेच पत्र आजच्यासारखं पडद्यावर लिहिलं असतं, तर ती दीड ओळ एका क्षणात नाहीशी झाली असती आणि मी अजूनही त्यांना आळशीच समजत राहिलो असतो. त्यांनी दुसरं पान टाइप करताना तेवढं वाक्य गाळलं. पहिलं पान मात्र फाडलं नाही. का, ते विचारायला आता कुणी नाही.

हा लेख मराठीत, म्हणून तो पेननंच लिहिला. यंत्र शेजारी उघडं आहे, त्यात एका कथेचं अर्धं पान अडकवलेलं आहे. पूर्वी माझे खर्डे मी लगेच टोपलीत टाकत असे. आता टाचणी लावून ठेवतो. बायको म्हणते, ‘‘पुढच्या दिवाळीला माळ्यावर जागा उरणार नाही.’’

तिचंही खरं आहे.