श्रद्धा आणि घमेलेभर पाणी

ईस्टरपूर्वीच्या पवित्र गुरुवारी अनेक चर्चमध्ये धर्मगुरू भाविकांचे पाय धुतात. या विधीचे मूळ योहानाच्या शुभवर्तमानात आहे. अखेरच्या भोजनाच्या वेळी प्रभू येशू उठले, त्यांनी कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊन पुसले. त्या काळी हे काम घरच्या सेवकाचे होते. पेत्राला संकोच वाटला, तरी प्रभूंनी त्याचेही पाय धुतले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात रुग्णसेवा करणाऱ्या माझ्यासारख्या ख्रिस्ती सेवकाला हा प्रसंग केवळ त्या एका गुरुवारी आठवत नाही. कुष्ठरुग्णांच्या सहवासात तो नित्य आठवतो.

या दोन्ही जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही आढळतात. या रोगाचा जंतू नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. १९८० च्या दशकापासून बहुविध औषधोपचार उपलब्ध आहे. शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळणारी ही औषधे रोगाच्या प्रकारानुसार ६ ते १२ महिने नियमित घेतल्यास रोग बरा होतो. मात्र उपचारास विलंब झाला असेल, तर मज्जातंतूंची हानी मागे राहते आणि तळपाय बधिर होतात.

खरा धोका येथून सुरू होतो. धानाच्या रोवणीत चिखलात पाय कापला, तेंदूपत्ता तोडताना काटा रुतला किंवा चुलीजवळ चटका बसला, तरी रुग्णास वेदना होत नाही. वेदना नाही म्हणून तो चालत राहतो. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते आणि प्रसंगी पाय गमवावा लागतो. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडत नाहीत. बधिरतेमुळे झालेल्या दुखापतींनी ती झिजतात. मिशनरी दांपत्याच्या पोटी तामिळनाडूत वाढलेले आणि १९४६ पासून वेल्लोरला सेवा केलेले शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी ही गोष्ट जगाला पटवून दिली.

यावरील उपाय साधा आहे. रोज सुमारे २० मिनिटे पाय साध्या पाण्यात बुडवून ठेवावेत. पाणी गरम नसावे. मऊ झालेली जाड कातडी खरबरीत दगडाने हलक्या हाताने घासावी. जखमेवर घासू नये. ओलसर त्वचेवर तेल लावावे. तळवे आरशात पाहावेत किंवा घरच्यांकडून तपासून घ्यावेत. मऊ तळाची चप्पल वापरावी व ती घालण्यापूर्वी आतून झटकावी. जखम दिसल्यास चालणे टाळून दवाखान्यात यावे.

श्रद्धेचे स्थान यात कोठे, असा प्रश्न कोणी विचारील. प्रार्थना औषधाची जागा घेत नाही. परंतु हा नेम आयुष्यभर पाळावयाचा असतो, आणि ज्याला आपले शरीर शापित वाटते, तो त्याची निगा राखत नाही. हा रोग पापाचे फळ आहे, ही समजूत अद्याप पुरती गेलेली नाही. जन्मांध मनुष्याविषयी शिष्यांनी पाप कोणाचे, असे विचारले तेव्हा प्रभूंनी त्याला किंवा त्याच्या आईवडिलांना दोष दिला नाही. कुष्ठरोग्याला बरे करताना त्यांनी त्याला हात लावला. माझ्या मते आरोग्याकडे जाणारी श्रद्धेची वाट ती हीच: ज्या देहाला देवाने टाकले नाही, त्याला आपणही टाकू नये.

ही वाट एका धर्माची मिरास नव्हे. याच चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळ, बाबा आमटे आणि साधनाताईंनी १९५१ साली आनंदवन उभे केले, तेही माणसाला माणूस म्हणून जवळ घेऊनच.

रुग्णांच्या कुटुंबीयांना एक नम्र विनंती आहे. पाहुणा दारी आला की आपण त्याला पाय धुण्यास पाणी देतो. घरच्या रुग्णालाही रोज ते द्यावे, आणि त्याचे तळवे स्वतः पाहावेत. त्या वेळी त्याला मिळणारा आपल्या हाताचा स्पर्श कोणत्याही औषधाच्या यादीत सापडत नाही.