नवा पीसी, जुनं लॉक

लग्नसराई तोंडावर आली की कोल्हापुरातल्या डीटीपीवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते. पत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे अहवाल, तालीम मंडळांची निमंत्रणं, वाढदिवसाचे डिजिटल फलक, सगळं एकदमच येऊन पडतं. जुना पीसी बंद पडायलाही नेमका हाच मुहूर्त सापडतो. नवा पीसी संध्याकाळपर्यंत टेबलावर येतो. पैसे टाकले की ते काम होतं. घोडं अडतं ते त्यानंतर. पंधरा-वीस वर्षांपूर्वी रीतसर बिल घेऊन खरेदी केलेलं सॉफ्टवेअर त्यावर चढतच नाही.

बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह कुठून तरी मागून आणावा, जपून ठेवलेली सीडी घालावी, सेटअपवर क्लिक करावं, तर पडद्यावर उत्तर येतं, ‘धिस ॲप कान्ट रन ऑन युअर पीसी’. सीडी खराब झालेली नसते. विंडोज 95-98च्या काळातले अनेक प्रोग्रॅम स्वतः 32 बिटचे असले, तरी त्यांचा सेटअप 16 बिटचा होता. 64 बिटच्या विंडोजमध्ये 16 बिटचे प्रोग्रॅम चालवायची सोयच ठेवलेली नाही. ऑक्टोबर 2021मध्ये आलेलं विंडोज 11 तर फक्त 64 बिटमध्येच मिळतं.

मराठी छपाईत हा गुंता दुहेरी आहे. पानं लावायला पेजमेकर आणि अक्षरं उमटवायला श्रीलिपी, अशी ही जोडी. पेजमेकर 1985मध्ये आल्डस कंपनीनं आणलं, 1994मध्ये ही कंपनी ॲडोबीकडे गेली आणि 2001ची 7.0 ही पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ठरली. त्याला युनिकोड कळत नाही. म्हणून मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी किंवा सी-डॅकचं आयएसएम सोबत लागायचं. पेजमेकर नुसत्या सीरियल नंबरवर समाधान मानतं, त्याला इंटरनेटवरून परवानगी लागत नाही. त्यामुळं गाडी बहुतेक वेळा अडते ती मराठी सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या लॉकपाशी.

जुनं लॉक काडेपेटीएवढं असायचं. एका तोंडाला 25 पिना, दुसऱ्या तोंडाला तेवढीच भोकं. सीपीयूच्या मागं प्रिंटरच्या पोर्टात ते बसवायचं आणि प्रिंटरची वायर त्याच्या पाठीवर लावायची. प्रोग्रॅम सुरू होताना या लॉकला प्रश्न विचारतो, आतली चिप उत्तर देते. उत्तर जुळलं नाही, तर पुढचं सगळं बंद. नव्या मदरबोर्डवर ते लांब पोर्ट सहसा नसतंच. बाजारात यूएसबीला जोडायची पॅरलल वायर मिळते, पण ती प्रिंटरपुरती. लॉकशी बोलणं तिला बहुधा जमत नाही. नंतरची लॉक यूएसबीची झाली, तरी त्यांचा जुना ड्रायव्हर 32 बिटचा. 64 बिटच्या विंडोजला 64 बिटचाच आणि डिजिटल सही असलेला ड्रायव्हर लागतो. विंडोज 11मधली ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षा चालू असेल, तर काही जुने ड्रायव्हर ती दारातच अडवते.

कोल्हापुरात यात पंचगंगेच्या पुराचीही भर पडते. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि शाहूपुरीसारख्या व्यापारी भागातल्या दुकानांत शिरलं. भिजलेल्या पीसीची हार्ड डिस्क निदान वाचवून पाहता येते. लॉक गेलं, तर बहुतेक कंपन्यांच्या लेखी सॉफ्टवेअरच गेलं. सीडीची नक्कल करून ठेवता येते, लॉकची नाही.

लॉक नसलेल्या बऱ्याच सॉफ्टवेअरची दोरी कंपनीच्या सर्व्हरच्या हातात असते. ॲडोबीनं क्रिएटिव्ह सूट 2चे ॲक्टिव्हेशन सर्व्हर बंद केले, तेव्हा जानेवारी 2013मध्ये जुन्या ग्राहकांसाठी ॲक्टिव्हेशन न लागणारी प्रत उपलब्ध करून दिली. सगळीकडे असं घडत नाही. उद्यमनगरात आणि शिरोलीच्या एमआयडीसीत ज्या ऑटोकॅडवर पार्टची ड्रॉइंगं होतात, त्याच्या 2010 आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना नवे ॲक्टिव्हेशन कोड देणं ऑटोडेस्कनं 2021मध्ये थांबवलं. मायक्रोसॉफ्टनं ऑफिस 2013चं लायसन्स सुरुवातीला एकाच पीसीला कायमचं बांधलं होतं. ग्राहकांनी ओरड केल्यावर मार्च 2013मध्ये ते दुसऱ्या पीसीवर नेण्याची मुभा मिळाली. टॅलीत मात्र ही वाट आधीपासून माहितीची आहे. जुन्या मशिनवर लायसन्स ‘सरेंडर’ करायचं आणि नव्यावर ॲक्टिव्हेट करायचं. हे जुना पीसी चालू असतानाच उरकलेलं बरं.

या सगळ्यात रीतसर पैसे मोजणाऱ्याचीच जास्त पंचाईत होते. चोरीची प्रत वापरणाऱ्याला लॉकही लागत नाही आणि सर्व्हरही. म्हणून बिल हातात असलेला माणूससुद्धा शेवटी ‘क्रॅक’ शोधू लागतो आणि व्हायरस घरात घेतो. कायदा काय म्हणतो? कॉपीराइट कायदा 1957च्या कलम 52(1)(एए)नुसार सॉफ्टवेअरची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचावासाठी बॅकअप प्रत काढता येते. 2012च्या दुरुस्तीनं आलेलं कलम 65ए हक्कभंगाच्या हेतूनं डिजिटल कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची आणि दंडाची शिक्षा सांगतं. कायद्यानं मनाई न केलेल्या कामासाठी त्यातच अपवादही आहे. पण बिघडलेल्या लॉकचा नाव घेऊन उल्लेख आपल्याकडे नाही. अमेरिकेत 2010च्या नियमांत तो होता. लॉक बिघडलेलं असेल आणि त्याची बदली किंवा दुरुस्ती बाजारात मिळत नसेल, तर ते ओलांडायला तिथं सूट दिली होती.

सॉफ्टवेअर दुसरं घेता येईल. अडकून पडतं ते त्यात केलेलं काम. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर फाँट नसलेल्या पीसीवर उघडला, की डॉलर, कंस आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. एखाद्या पतसंस्थेचे जुने अहवाल किंवा स्थानिक लेखकाच्या पुस्तकाची पानं अशीच पडून राहतात. पेजमेकरच्या फायली ॲडोबीच्याच इनडिझाइनमध्ये उघडण्याची सोयही सीएस6 या 2012च्या आवृत्तीपर्यंतच होती.

त्यामुळं नवा पीसी बुक करण्याआधी जुन्यासमोर बसलेलं बरं. सीरियल नंबर आणि बिलांचे फोटो काढून घ्यावेत, सीडीच्या आयएसओ प्रती करून हार्ड डिस्कवर ठेवाव्यात. ज्यांत ‘डीॲक्टिव्हेट’ किंवा ‘सरेंडर’ आहे ते आधी उरकावं. महत्त्वाच्या फायलींच्या पीडीएफ काढाव्यात; मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणावा आणि जोडाक्षरं, रफार डोळ्यांखालून घालावेत, कारण चुका तिथंच होतात. लॉक यूएसबीचं असेल, तर पीसीच्या आत दुसरा पीसी चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये जुनं विंडोज बसवून ते आत जोडून पाहता येतं. त्या विंडोजचं लायसन्स मात्र वेगळं लागतं. जुना पीसीच चालू ठेवायचा, तर त्याचं इंटरनेट काढून टाकावं. विंडोज एक्सपीला एप्रिल 2014पासून आणि विंडोज 10ला 14 ऑक्टोबर 2025पासून मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा मोफत सपोर्ट नाही. आणि नवं सॉफ्टवेअर घेताना डीलरला किमतीच्या आधी विचारावं, की मशिन बदललं तर लायसन्स नेता येईल का, किती वेळा, आणि लॉक बिघडलं तर बदलून मिळेल का. उत्तर बिलावर लिहून घ्यावं.